तुमसर तालुक्याचा काळा दगड

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून सिहोऱ्यामार्गे निघालेला रस्ता बपेऱ्याला बावनथडीच्या पुलावर येतो. पुलापलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो. निवडणुका आल्या की इथे तपासणी नाका बसतो आणि गाड्या थांबवून पाहिल्या जातात. एरवी या सीमेची कुणाला फारशी आठवण होत नाही. दोन्ही काठांवर धानाच्या बांध्या आहेत, दोन्हीकडे पोवारी बोली कानावर पडते आणि सोयरिकी नदी ओलांडून जमतात. 1853 पर्यंत हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता, मग इंग्रजांचा झाला. 1867 मध्ये बालाघाट हा वेगळा जिल्हा निघाला आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला.

जमिनीखाली मात्र एकच खडक आहे. भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला सौसर गट म्हणतात, तो पट्टा छिंदवाडा आणि नागपूर जिल्ह्यांतून भंडाऱ्यात आणि तिथून बालाघाटात, सुमारे 200 किलोमीटर कमानीसारखा वळत गेला आहे. त्याच्या पोटात मँगनीज आहे. तुमसर तालुक्यात ते चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे निघतं, नदीपल्याड तिरोडी, उकवा आणि भरवेलीला. या काळ्या, हातात घेतला तर अपेक्षेपेक्षा जड लागणाऱ्या दगडाने सव्वाशे वर्षांत तालुक्याला काय दिलं आणि काय त्याच्या हातून निसटलं, याचा हिशेब मांडायला हवा. जिल्ह्यात उद्योग यावेत, स्वच्छ ऊर्जा यावी, तरुणांना घराजवळ काम मिळावं, ही मागणी आज पुन्हा जोर धरते आहे. त्या मागणीची जुनी उत्तरं याच खदानींत आहेत.

भारतात मँगनीजचं खाणकाम पहिल्यांदा विजयानगरम भागात सुरू झालं, 1890 च्या दशकाच्या आरंभी. मध्य प्रांतात ते 1899-1900 च्या सुमारास नागपूर जिल्ह्यातल्या मनसरला पोचलं आणि लवकरच भंडारा-बालाघाटकडे सरकलं. त्याआधी 1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रज मंडळी स्थापन झाली होती. तिचीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. लोक तिला सीपीएमओ म्हणत. दगड शोधणं अवघड नव्हतं, कारण ठिकठिकाणी तो टेकड्यांच्या माथ्यावर उघडाच पडलेला होता. अवघड होती ती वाहतूक. नागपूरहून पूर्वेकडे राजनांदगावपर्यंत मीटर गेजचा रूळ 1880 च्या आसपास पडला होता. बंगाल नागपूर रेल्वेने तो ब्रॉडगेज केला आणि 1900 मध्ये नागपूर-कलकत्ता अशी सलग वाट खुली झाली. तुमसर रोड स्थानक त्याच वाटेवर आहे. रूळ आणि खाण साधारण एकाच वेळी आले, म्हणूनच हा धंदा उभा राहू शकला.

या दगडाचा अभ्यास केला तो लुईस ली फर्मर या तरुण भूगर्भशास्त्रज्ञाने. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यातर्फे तो या जंगलांत हिंडला आणि 1909 मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा त्याचा भलामोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांच्या इथल्या एका खडकाला त्याने गोंडाइट हे नाव दिलं, या भूमीतल्या गोंडांवरून. आज ऑस्ट्रेलियात, ब्राझीलमध्ये किंवा आफ्रिकेत तसा खडक सापडला तरी पुस्तकांत त्याला गोंडाइटच म्हणतात. जगाच्या विज्ञानात गोंडांचं नाव असं कायमचं कोरलं गेलं, पण त्याच गोंडांच्या वाट्याला खदानीत पहार आणि टोपली आली. पुरुष फोडायचे. बायका दगड हातोडीने ठोकून, हाताने निवडून, चांगला माल वेगळा करायच्या आणि मोजमाप होईल अशा चौकोनी थप्प्या रचायच्या. मजुरी मापावर मिळे. या कामात उडणारी मँगनीजची धूळ मेंदूवर परिणाम करते, चाल बिघडवते, हे स्कॉटलंडच्या एका डॉक्टराने 1837 मध्येच नोंदवून ठेवलं होतं.

माल जायचा इंग्लंड, युरोप आणि अमेरिकेच्या पोलाद भट्ट्यांकडे. पोलादातला प्राणवायू आणि गंधक काढायला मँगनीज लागतं. ते घातलं नाही तर पोलाद लाटताना तडकतं. 1856 च्या सुमारास बेसेमरची पद्धत याच दोषापायी अडली होती आणि मँगनीजनेच ती मार्गी लागली. थोडक्यात, पोलाद बनेल तिथे मँगनीज हवंच. पण त्याचा भाव मात्र तुमसरला कधी ठरला नाही.

तो कुठे ठरला ते पाहण्यासारखं आहे. 1904-05 मध्ये रशिया-जपान युद्ध झालं, पाठोपाठ रशियात बंडाळी झाली आणि कॉकेशसमधल्या चियातुराच्या खाणींचा माल अडला. भाव चढले आणि मध्य प्रांतात नव्या खाणींची रीघ लागली. मग या मालासाठी जवळचं बंदर हवं म्हणून विशाखापट्टणम उभारलं गेलं, रायपूर-विजयानगरम रूळ टाकला गेला. 1933 मध्ये बंदर खुलं झालं तेव्हा जागतिक मंदीने पोलादाची मागणी आधीच मोडून काढली होती आणि खाणीमागून खाण बंद पडत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पुन्हा पालटलं. 1949 च्या सुमारास सोव्हिएत संघाने अमेरिकेला मँगनीज देणं जवळजवळ थांबवलं आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून विक्रमी निर्यात झाली. पुढे ब्राझीलमधल्या अमापा आणि आफ्रिकेतल्या गॅबॉनच्या खाणींतून भरपूर माल निघू लागला आणि तेजी ओसरली. चिखल्याच्या मजुराने यातल्या एकाही ठिकाणाचं नाव ऐकलं नसेल, पण त्याची चूल पेटायची की नाही ते तिथे ठरत होतं.

खरा बदल 1962 मध्ये झाला. भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मिळून 51 टक्के आणि सीपीएमओने 49 टक्के भांडवल ठेवून मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन केली. बावनथडीच्या दोन्ही काठांवरची राज्यं एकाच उद्योगात भागीदार झाली. 1977 मध्ये ब्रिटिश कंपनीचा उरलेला वाटाही विकत घेतला गेला. 2010 च्या डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात आली. कागदोपत्री तिचं नाव आता मॉयल लिमिटेड आहे आणि मुख्यालय नागपूरला आहे. चिखल्याची खाण आज भूमिगत आहे. खालून माल काढून झाला की रिकामी पोकळी पाण्यासोबत वाळू सोडून भरतात आणि त्या भरावावर उभं राहून वरचा थर काढतात. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली.

डोंगरीच्या दगडाचं एक वैशिष्ट्य आहे, आणि या गोष्टीतला सर्वात मोलाचा भाग इथेच सुरू होतो. त्यात मँगनीज डायऑक्साइड भरपूर आहे. पोलादवाल्यांना त्याचं विशेष कौतुक नाही, पण ते कोरड्या बॅटरीच्या कामाचं आहे. जस्ताच्या डबीत मधोमध कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती काळा लगदा असा जुना सेल असतो. या सेलचं मूळ 1866 मध्ये फ्रान्सच्या लक्लांशेने घडवलं आणि त्यातला काळा लगदा म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. सेलमधून वीज निघताना जस्ताकडून येणारे इलेक्ट्रॉन हेच घेतं. देशातल्या बॅटरी उद्योगाला लागणाऱ्या अशा दगडाचा निम्म्याच्या आसपास वाटा आपण पुरवतो, असं मॉयल सांगते. रात्री धानाच्या बांध्यांवर पाणी फिरवायला निघालेल्या शेतकऱ्याच्या हातातल्या बॅटरीत आणि घरातल्या ट्रान्झिस्टरमध्ये याच तालुक्याचा दगड असण्याची शक्यता मोठी होती. याच दगडापासून केलेला मँगनस ऑक्साइड खतांत आणि पशुखाद्यातही जातो.

1990 च्या दशकात डोंगरी बुजुर्गला इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना चालता झाला. तंत्रज्ञान देशी होतं. दगड आधी भाजून त्याचा ऑक्साइड खालच्या अवस्थेत आणायचा, तो गंधकाम्लात विरघळवायचा, लोह आणि इतर जड धातू काढून द्रावण शुद्ध करायचं. मग ते जवळजवळ उकळत्या तापमानाला ठेवून त्यातून वीज सोडायची. धन विद्युदग्रावर काळा, कठीण थर चढत जातो. तो खरवडून, दळून, धुऊन बाजारात जातो. खदानीत मिळणाऱ्या दगडापेक्षा हे द्रव्य कितीतरी शुद्ध असतं आणि त्याच वजनात जास्त काम करतं. अल्कलाइन सेलला तर असंच लागतं. कारखाना लहान आहे, उत्पादन वर्षाला काही शे ते हजारभर टनांच्या घरातलं. तरीही तालुक्याच्या औद्योगिक इतिहासात त्याची जागा मोठी मानायला हवी. शंभर वर्षं दगड फोडून, निवडून, वॅगनमध्ये भरून पाठवणाऱ्या गावात पहिल्यांदा रसायनशास्त्र शिकलेल्या माणसांना काम मिळालं. दगडाची किंमत वाढवणारी पायरी दगडाच्याच गावात घडू लागली.

या पायऱ्या आणखी का वाढल्या नाहीत, याचं उत्तर विजेत सापडतं. तुमसरजवळ मानेकनगरला फेरो-मँगनीजचा मोठा कारखाना उभा राहिला होता. दगड बाजूला, वैनगंगा बाजूला, हावड्याची रेल्वे बाजूला, आणखी काय हवं? पण अशी भट्टी विजेवर जगते. एक टन सिलिको-मँगनीज करायला साधारण 4000 युनिट वीज लागते. महिन्याला 100 युनिट जाळणाऱ्या घराला ती तीन वर्षांहून अधिक पुरेल. विजेचा खर्च झेपेना आणि हा कारखाना अनेक वर्षं बंदच आहे. वर्दळ होती तिथे आता झुडपं आहेत. तुमसर, मोहाडीच्या किती घरांतल्या कर्त्या माणसांची उमेद तिथे थांबली, याची कुठे नोंद नाही.

सरकारने मदत केली नाही असं म्हणता येत नाही. मागास भागांत उद्योग जावेत म्हणून महाराष्ट्राने 1964 मध्येच सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. भंडारा जिल्ह्याला तिचा लाभ दिसला तो पुढे. गडेगावला 1982 मध्ये अशोक लेलँडचा कारखाना आला, वरठीला सनफ्लॅगचं पोलाद आलं. 2016 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली. नागपूरकडे त्याचा उपयोग झाला, पण बंद भट्टी त्याने पेटली नाही. सवलत चालत्या कारखान्याला हात देते. थकबाकीत रुतलेल्याला ती बाहेर काढत नाही. या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि धोरण आखताना त्या एकाच खात्यात मोजल्या जातात, हा दोष साठ वर्षं टिकून आहे.

स्वच्छ ऊर्जेची एक मोठी आशाही जिल्ह्याने पाहिली. मुंडीपारला भेल या सरकारी कंपनीचा प्रकल्प येणार होता आणि त्यात सौर पॅनलची निर्मिती व्हायची होती. 2013 मध्ये कोनशिला बसली. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. ठरलेला कारखाना मात्र उभा राहिला नाही आणि त्या भागातली माणसं अजून त्याबद्दल विचारत आहेत. त्यांचं विचारणं रास्त आहे.

मॉयलने स्वच्छ विजेकडे पाहिलं ते वाऱ्याच्या रूपाने. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, नागदा आणि रातेडी टेकड्यांवर, तिच्या 4.8 आणि 15.2 मेगावॅटच्या पवनचक्क्या आहेत. वारा तिकडे आहे, आपल्या झाडीपट्टीत नाही. इथे आहे ते ऊन. म्हणून सिहोरा-बपेरा पट्ट्यात नवी ऊर्जा शेतातून आली. बावनथडीचं पाणी उपसून चांदपूर जलाशयात टाकणारी सोंड्याटोला उपसा सिंचन योजना याच भागातली. तिचे पंप विजेवर चालतात आणि बिल थकलं की चर्चा थेट धानाच्या पिकापर्यंत जाते. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती. 2019 च्या केंद्राच्या कुसुम योजनेतून सौर पंप मिळू लागले. जिथे रात्री बॅटरी घेऊन पाणी द्यायला जावं लागे, तिथे दिवसा मोटर चालणं ही साधी सुधारणा नाही. साप, विंचू आणि रानडुकरांच्या वाटेवर जाणं टळतं.

आता पुन्हा दगडाकडे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या लिथियम बॅटऱ्यांत निकेल आणि कोबाल्टच्या जोडीला मँगनीज जातं, काहींत तर तेच मुख्य असतं. त्यासाठी लागतं अतिशुद्ध मँगनीज सल्फेट. जगातलं बहुतांश आज चीनमध्ये तयार होतं, दगड आफ्रिकेतून नेऊन. डोंगरीच्या कारखान्यात दगड विरघळवून, शुद्ध करून सल्फेटचं द्रावण केलं जातं ते तीस वर्षांपासून. बॅटरीच्या दर्जाला पोचायला शुद्धतेच्या आणखी काही पायऱ्या, प्रयोगशाळा, वीज आणि खात्रीचं गिऱ्हाईक लागेल. या कामासाठी लागणारी माणसं घडवायला पैशाची एक वाट कायद्याने आखून ठेवली आहे. 2015 च्या खनिज कायद्यातल्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या 30 टक्के इतकी रक्कम त्यात जमा होते. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण यांना त्यात अग्रक्रम आहे आणि तो असायलाच हवा. पण त्याच यादीत कौशल्यविकासही आहे. गोबरवाही, चिखला, डोंगरीच्या मुलामुलींना रसायन तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण देणारी, द्रावणातलं लोह मोजायला शिकवणारी एखादी शाळा या पैशातून उघडता येईल. मॉयलच्या कारखान्यात ती मुलं शिकाऊ म्हणून उभी राहू शकतील. सीपीएमओच्या काळी त्यांच्या पणज्या त्याच खदानीत चांगला दगड नजरेने ओळखून वेगळा काढत.