मडके, कुंभार आणि आदिकारण

मडके आहे त्याअर्थी कुंभार आहे; तद्वत् जग आहे त्याअर्थी जगाचा कर्ताही असलाच पाहिजे. हा युक्तिवाद आपण सर्वांनी कीर्तनात आणि घरीदारी ऐकला आहे. न्यायदर्शनाच्या आचार्यांनी तो शास्त्रशुद्ध मांडला. उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीची जी प्रमाणे आहेत, त्यांत ‘जग हे कार्य आहे’ हेच प्रमाण पहिले आहे. युरोपात तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी सांगितले की, कारणांची साखळी अनंत मागे नेता येत नाही, म्हणून आदिकारण मानणे प्राप्त आहे.

हा युक्तिवाद नाकारणारा तो धर्मबुडवा, अशी एक समजूत आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. कुमारिल भट्ट वेदांचे कट्टे अभिमानी होते. तरीही सातव्या शतकाच्या सुमारास त्यांनी ‘श्लोकवार्तिका’त विचारले की, कर्त्याला शरीर नसेल तर तो घडवील कसा, आणि असेल तर ते शरीर कोणी घडविले? बौद्ध पंडित धर्मकीर्तींनी वारुळाकडे बोट दाखविले. तेही मातीचेच, म्हणून तेही कुंभाराने घडविले म्हणावयाचे काय?

डेव्हिड ह्यूम यांचे यासंबंधीचे संवाद त्यांच्या मृत्यूनंतर, १७७९ साली, प्रसिद्ध झाले. घर किंवा जहाज बांधावयास पुष्कळ माणसे लागतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून, असा प्रश्न त्यांत आहे. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना तो सहज पटतो. एका हाताने उभे राहिलेले जहाज आम्ही पाहिलेले नाही.

जॉन स्टुअर्ट मिल यांना त्यांच्या वडिलांनी लहानपणीच शिकविले होते की, ‘मला कोणी निर्माण केले?’ याचे उत्तर ‘देवाने’ असे दिले, तर ‘देवाला कोणी?’ हा प्रश्न लगेच पुढे येतो. मिल यांच्या आत्मचरित्रात, १८७३ साली, ही हकीकत छापली गेली. अठराव्या वर्षी ती वाचून बर्ट्रांड रसेल यांनी आदिकारणाचा युक्तिवाद सोडला. ६ मार्च १९२७ रोजी लंडनमधील बॅटर्सी येथे, आपल्यासारख्याच नागरिकांपुढे, त्यांनी हे बोलून दाखविले.

यावर उत्तर असे देतात की, ज्याला आरंभ आहे त्यालाच कारण लागते. ईश्वर अनादि आहे. ठीक आहे. पण मग जगाला आरंभ आहे, हे आधी सिद्ध केले पाहिजे. विश्व सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी अतितप्त, दाट अवस्थेतून प्रसरण पावू लागले, असे शास्त्रज्ञ सांगतात. या मताचे एक आद्य प्रवर्तक जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. तरीही त्यांनी आपला सिद्धांत धर्माच्या वादापासून अलिप्त ठेवला.

एवढ्याने ईश्वर नाही असे ठरत नाही. या वाटेने तो सिद्ध होत नाही, इतकेच ठरते. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी. परंतु प्रत्येक कडीला ‘कोणी केले?’ म्हणून विचारावयाचे आणि शेवटच्या कडीशी मुकाट्याने थांबावयाचे, ही सवय देवळापुरती राहत नाही. गिरणीच्या फाटकावर ‘वरून हुकूम आहे’ हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला साठ तास काम होते. १९४८ च्या कायद्याने ते अठ्ठेचाळीस झाले. ‘वर कोण?’ हे विचारणारे कामगार होते म्हणून तसे घडले. प्रश्न विचारणाऱ्याला उद्धट म्हणण्यापूर्वी आपण हे ध्यानात ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.