दोन जाळांची नळी

गेमिंग लॅपटॉपचं खालचं झाकण काढलं की नजरेत भरतात त्या तांब्याच्या चपट्या नळ्या. शेजारी शेजारी प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप, आणि दोघांच्या डोक्यावरून पंख्यांकडे गेलेल्या या नळ्या. लॅपटॉप घेताना हमखास विचारलं जातं : इनबिल्ट ग्राफिक्सचा घ्यावा की वेगळ्या कार्डाचा, प्रोसेसर कशात कमी तापेल? मग चर्चा चिपांची होते, वॉटची होते. नळीकडे कोणी बघत नाही. माझ्या मते या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या नळीतच आहे. आणि तिचं घराणं शोधत गेलं की आपण थेट लंडनच्या पाव भाजायच्या भट्टीपाशी पोचतो.

चिपांची वंशावळ ठाऊक असलेलीच, लवकर उरकतो. १९९९ साली इंटेलने ८१० चिपसेटमध्ये ग्राफिक्स घातलं. त्याच वर्षी एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ कार्ड आलं. २०१० मध्ये इंटेलचं ग्राफिक्स प्रोसेसरच्या शेजारी एकाच पॅकेजमध्ये आलं आणि २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये दोघं सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर नांदू लागले.

आता नळी. जेकब पर्किन्स हा मूळचा मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टचा. नोटा छापण्याचं तंत्र घेऊन १८१९ मध्ये तो इंग्लंडला आला. १८४० चं पेनी ब्लॅक, जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, त्याने उभ्या केलेल्या छापखान्यातलंच. याच जेकबने १८३४ मध्ये द्रवाची वाफ करून गारवा निर्माण करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. आजच्या फ्रिजचं मूळ ते. त्याचा मुलगा अँजिअर मार्च पर्किन्स याने १८३१ मध्ये घर उबदार ठेवण्यासाठी बंद नळ्यांतून दाबाखालचं गरम पाणी खेळवण्याचं पेटंट घेतलं. सांगतात, की बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरला घरी द्राक्षं पिकवायची होती, म्हणून ही व्यवस्था आधी त्याच्याकडे बसली. खरंखोटं असो, मला ही हकिगत आवडते.

या नळ्यांतूनच पुढे पर्किन्स घराण्याची पावाची भट्टी आली. तिच्यातल्या नळीची दोन्ही टोकं बंद, आत थोडंसं पाणी. एक टोक जाळात, दुसरं पाव भाजायच्या कप्प्यात. जाळाकडच्या पाण्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाकडे धावते, तिथे उष्णता टाकून परत पाणी होते आणि उतारावरून जाळाकडे येते. पंप नाही, झडप नाही. मुंबईतल्या लाकडाच्या भट्टीत पावाची आणि धगीची गाठ थेट पडते. इथे धूर आणि राख भिंतीपलीकडे राहते, पावापर्यंत फक्त उष्णता येते.

इथे जाणकार मला अडवतात. ते म्हणतात, हिला उतार लागतो. लॅपटॉप आडवा असतो, मांडीवर कसाही कलतो. तिथे ही नळी कुचकामी. मुद्दा बरोबर आहे. पाण्याला उताराविना परत आणण्याची युक्ती रिचर्ड गॉगलर याची. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करताना १९४२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९४४ मध्ये ते मिळालं. नळीला आतून सच्छिद्र अस्तर द्यायचं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी त्यातून मागे ओढलं जातं. कंपनीने ते वापरलंच नाही. मग १९६३ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हरने तीच कल्पना स्वतंत्रपणे नव्याने मांडली, तीही अंतराळयानांसाठी, जिथे उतार ही भानगडच नाही. १९६७ मध्ये अशी नळी पृथ्वीभोवती फिरून आली.

त्यामुळे बरेच लोक कुळाची सुरुवात ग्रोव्हरपासून करतात, उदार असले तर गॉगलरपासून. पर्किन्स तळटीपेत. मला हे पटत नाही. अलास्कातल्या तेलवाहिनीच्या खांबांमध्ये अमोनिया भरलेल्या लाखाहून अधिक नळ्या आहेत. त्या हिवाळ्यात जमिनीतली उष्णता वर काढतात आणि खालची गोठलेली जमीन वितळू देत नाहीत. त्यांचा अमोनिया केवळ वजनाने खाली येतो, वातीची गरज नाही. तरी त्यांना या कुळातून कोणी बाहेर काढत नाही. मग पावाच्या भट्टीनेच काय पाप केलंय? आणि गॉगलरने हे सुचवलं ते फ्रिजच्या संदर्भात. फ्रिजचं मूळ कोणत्या घरातलं, ते वर आलंच. वाफेने उष्णता उचलायची आणि पाणी होताना टाकायची, ही बुद्धी एकाच अंगणातून दोन वाटांनी गेली आणि शंभर वर्षांनी पुन्हा भेटली, असं मी खुशाल मानतो.

१९९० च्या दशकात नळी लॅपटॉपमध्ये शिरली. आतली हवा काढलेली असल्याने तिच्यातलं थेंबभर पाणी शंभर अंशांची वाट न बघता कमी तापमानालाच उकळतं. अस्तर बहुधा तांब्याच्या भाजलेल्या भुकटीचं. मात्र एक बदल असा झाला, की जुनं गणितच फिरलं. भट्टीतल्या नळीला जाळ एक होता. गेमिंग लॅपटॉपमधल्या नळीला जाळ दोन.

नळीचा स्वभाव असा, की ती सगळ्या लांबीभर तापमान सारखं करू बघते. ग्राफिक्सची चिप ८०-१०० वॉट ओकू लागली की अख्खी नळी तापते. शेजारच्या प्रोसेसरला फारसं काम नसलं तरी उष्णता टाकायला गार जागाच उरत नाही आणि तो फुकट तापतो. उलट, कार्ड झोपलेलं असलं की सगळ्या नळ्या आणि दोन्ही पंखे एकट्या प्रोसेसरच्या सेवेला. २०१० मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस आणलं, तेव्हापासून किरकोळ कामात कार्ड आपोआप बंद होतं आणि पडदा इनबिल्ट ग्राफिक्स सांभाळतं. अशा वेळी हा जाडजूड लॅपटॉप एका नळीच्या पातळ लॅपटॉपपेक्षा गार चालतो. वेगळ्या कार्डाने प्रोसेसर तापतो म्हणणारे आणि गार राहतो म्हणणारे, दोघंही खरं बोलतात. फक्त वेगवेगळ्या वेळी आकडा बघतात.

आकडाही फसवा. पातळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि इनबिल्ट ग्राफिक्स मिळून १५ वॉटच्या आसपास भागवतात. गेम सुरू झाला की ग्राफिक्स आपला वाटा ओढून घेतं आणि प्रोसेसरचा वेग खाली येतो. तापमान तेवढंच दिसतं, काम मात्र कमी होतं.

डेस्कटॉपमध्ये नळ्या वेगळ्या, सामाईक असते ती कॅबिनेटमधली हवा. २०२० च्या आरटीएक्स ३०८० ची मर्यादा ३२० वॉट. एनव्हिडियाच्या स्वतःच्या रचनेत एक पंखा गरम हवा कार्डाच्या आरपार प्रोसेसरच्याच दिशेने सोडतो. तिथे कॅबिनेटचा मागचा पंखा नीट चालतोय ना, हे आधी बघावं. इनबिल्ट ग्राफिक्स काढून टाकलं तर गारवा मिळेल, या आशेवर तर बसूच नये. २०१९ मध्ये इंटेलने कोअर आय९ ९९०० के चा ग्राफिक्स बंद केलेला भाऊ ९९०० केएफ विकायला काढला. दोघांवरही ९५ वॉटच लिहिलेलं. न वापरलेलं ग्राफिक्स जवळपास काहीच खात नाही. केएफ स्वस्त मिळाला तर जरूर घ्यावा, पण कार्ड बिघडलं त्या दिवशी पडदा काळा राहणार, हे धरून.