खुर्दा, बिल्ले आणि त्यांचे धनी



इतिहासावर बोलायला मी उभा राहणार हे ऐकून माझ्या युनियनमधल्या सोबत्यांना हसू आले. त्यांचे चुकले नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. पण आज ज्या वस्तूंविषयी मी बोलणार आहे, त्यांची माझी ओळख पुस्तकांच्या आधीची आहे.

मी ज्या कारखान्यात कामाला लागलो, तेथे टूलरूमच्या खिडकीवर पितळी बिल्ले चालत. प्रत्येक कामगाराला त्याच्या नंबराचे पाच-सहा बिल्ले मिळत. बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचे. हत्यार परत केले की बिल्ला परत. पुढे कारखाना बंद पडला, यंत्रे भंगारात निघाली, आणि एके दिवशी एका भंगारवाल्याच्या ताडपत्रीवर मला आमचेच बिल्ले दिसले. ते वजनावर विकायचे होते. मी साडेतीन किलो पितळ विकत घेऊन घरी आणले. काही वर्षांनी जुन्या नाण्यांचा शौक असलेल्या एका गृहस्थांनी त्यांना बरी किंमत देऊ केली. ठेवावेत की द्यावेत? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी इंग्लंडच्या अठराव्या शतकात जाऊन पोहोचलो, कारण हाच प्रश्न तेथे फार मोठ्या प्रमाणावर एकदा उभा राहिला होता.

त्या काळी इंग्लंडात कारखाने उभे राहत होते, पण मजुरी द्यायला खुर्दा नव्हता. १७७५ नंतर सरकारी टांकसाळीने तांब्याचे नाणे पाडणेच थांबवले. बाजारात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला. १७८७ साली टांकसाळीनेच पाहणी केली तेव्हा चालू अर्ध्या पेन्यांपैकी शेकडा ८ सुद्धा जेमतेम खऱ्यासारख्या निघाल्या. शनिवारी पगार वाटायचा तो कशात? चार-पाच जणांच्या हाती मिळून एकच मोठे नाणे द्यावे आणि त्यांनी गुत्त्यावर जाऊन मोड करावी, असे प्रकार चालत. मोड करायची म्हणजे आधी प्यायचे. मजुराची मजुरी घरी पोहोचण्यापूर्वीच हलकी होत असे.

मग मालकांनी स्वतःचा खुर्दा काढला. १७८७ साली वेल्समधल्या अँगलसी बेटावरील पॅरिस खाणीच्या कंपनीने तांब्याची पेनी काढली. एका बाजूला प्राचीन ड्रुइड पुरोहिताचे मस्तक, दुसऱ्या बाजूला एक पेनी देण्याचे वचन, आणि कडेवर ते वचन लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी येथे पाळले जाईल असा मजकूर. म्हणजे हे नाणे नव्हे, ही तांब्यावर लिहिलेली हुंडी होती. पाहता पाहता गावोगावच्या व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी अशा हुंड्या काढल्या. त्याच वर्षी जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने आपल्या नाण्यावर स्वतःचा मुखवटा छापला आणि भोवती आपले नाव व ‘आयर्न मास्टर’ ही पदवी कोरली. राजाच्या जागी मालक! मागच्या बाजूला भट्टीजवळ घणापाशी काम करणारा एक मजूर आहे. त्याचे नाव नाही. मी हे चित्र प्रथम पाहिले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

या बिल्ल्यांनी मजुराची सोय केली हे मान्य केले पाहिजे. पण जो बिल्ला फक्त मालकाच्या ओळखीच्या दुकानात चालतो, तो मजुराला त्या दुकानाला बांधून ठेवतो. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८१७ च्या कायद्याने खासगी नाणी बंद केली, आणि १८३१ च्या कायद्याने मजुरी चलनी नाण्यांतच द्यावी असे ठरवले. आपल्या देशात १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात हेच तत्त्व आले. हे कलम आमच्या चळवळीतल्या माणसाला पाठ असते. त्याची मुळे त्या तांब्याच्या चकत्यांत आहेत हे मला फार उशिरा कळले.

आता संग्राहकांकडे येऊ. बिल्ले बाजारात आल्याबरोबर काही मंडळींना त्यांचा नाद लागला. १७९५ साली बर्मिंगहॅमच्या चार्ल्स पायने, १७९६ साली लीड्सच्या सॅम्युएल बर्चलने आणि १७९८ साली इप्सविच येथील जेम्स काँडर नावाच्या कापड-व्यापाऱ्याने त्यांच्या याद्या छापल्या. काँडरच्या यादीचा एवढा बोलबाला झाला की आजही हे बिल्ले त्याच्या नावाने ओळखले जातात. ग्राहक दिसताच कारागीर पुढे सरसावले. एका बिल्ल्याची पुढची बाजू दुसऱ्याच्या मागच्या बाजूशी जोडायची, थोडेच नग पाडायचे आणि ‘दुर्मिळ’ म्हणून विकायचे, असा धंदा सुरू झाला. आज संग्रहांत जे झळझळीत नग दिसतात, त्यांतले कित्येक कोणा मजुराच्या तळहाताला कधी लागलेच नाहीत. जे खरोखर पगारात फिरले, ते झिजून गुळगुळीत झाले आणि त्यांची किंमत कमी. बाजाराचा न्याय असा उलटा असतो.

या गर्दीत मला एक आपला माणूस भेटला. त्याचे नाव टॉमस स्पेन्स. जन्म १७५०, न्यूकॅसलचा, एकोणीस भावंडांतला एक. १७७५ साली तेथील विद्वानांच्या मंडळात त्याने व्याख्यान दिले: जमीन ही खासगी मालकीची नसून गावाच्या सामाईक मालकीची असावी. पुढे ते व्याख्यान छापून त्याने रस्त्यावर चार दिडक्यांच्या मोलाने विकले, म्हणून मंडळाने त्याला काढून टाकले. बरोबर शंभर वर्षांनी, १८७५ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. व्याख्यान चार भिंतींत ठेवायचे की रस्त्यापर्यंत न्यायचे, हा वाद दोन्हीकडे महत्त्वाचा होता, आणि आज आपण सारे येथे बसलो आहोत ते त्याचे आपल्याकडचे उत्तर आहे.

स्पेन्स लंडनला आला आणि त्याने हॉलबर्न भागात पुस्तकांचे व बिल्ल्यांचे दुकान काढले. सत्ताधाऱ्यांच्या बाजूच्या एका मोठ्या वक्त्याने गरिबांच्या जमावाला डुकरे म्हटले होते. स्पेन्सने आपल्या एका पेनीच्या साप्ताहिकाचे नावच ‘डुकरांचे अन्न’ असे ठेवले. छापखान्यावर सरकारचा डोळा होता, म्हणून तो तांब्यावर छापू लागला. एका बिल्ल्यावर खंड आणि कर अशी दुहेरी ओझी वाहणारे गाढव आहे. पहिले ओझे उचलले हेच आपले गाढवपण, असे ते म्हणते. १७९४ साली राजद्रोहाच्या संशयावरून त्याला सात महिने खटल्यावाचून डांबले. सुटल्यावर त्याने त्या सात महिन्यांचाही बिल्ला काढला! त्याच वर्षी टॉमस हार्डी हा चांभार, लंडनच्या कामगार-कारागिरांच्या संघटनेचा चिटणीस, राजद्रोहाच्या खटल्यातून सुटला. त्याच्याही सुटकेचे बिल्ले निघाले. आपले बिल्ले स्पेन्स खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांवर उधळीत असे, असे सांगतात.

पण मी येथे त्याचा पोवाडा गायला उभा नाही. हाच स्पेन्स संग्राहकांना बिल्ले विकूनही पोट भरीत होता. १७९५ साली त्याने संग्राहकांसाठी स्वतःच एक यादी छापली, आणि ठसे उलटसुलट जोडून नवनवे ‘प्रकार’ काढण्यात तोही मागे नव्हता. शेवटी त्याचे ठसे दुसऱ्या दुकानदाराच्या हाती गेले, आणि जे तांब्यावर क्रांतीसाठी कोरले होते ते नुसत्या विक्रीसाठी वाटेल त्या बाजूला जोडले गेले. १८१४ साली स्पेन्स वारला. अंत्ययात्रेत त्याच्यापुढे तराजू नेला आणि त्याचे बिल्ले लोकांना वाटले. विकून नव्हे, वाटून त्याला निरोप दिला.

तराजूवरून आपल्याकडचे एक नाणे आठवते. बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे मॅथ्यू बोल्टनने वाफेवर चालणारी टांकसाळ काढली होती. तेथेच १७९७ साली सरकारने एक औंस वजनाची भरभक्कम पेनी पाडून घेतली आणि बिल्ल्यांची पहिली लाट ओसरली. त्याच टांकसाळीत १७९१ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडले होते. त्यांवर तराजू आहे आणि ‘आदिल’ म्हणजे न्यायी हा शब्द आहे. न्याय कोणाचा, हे मी आपणांवर सोडतो.

आता शेवटची व्यक्ती. सॅरा सोफिया बँक्स ही वनस्पतिशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांची बहीण. या बाईने आपल्या काळात चालणारी नाणी, पदके आणि बिल्ले जमवले. त्यांची संख्या सुमारे ९००० झाली. जे चलन आज बाजारात आहे, उद्या वितळवले जाईल, तेही तिने उचलून ठेवले. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की कोणता नग कोणाकडून आला, याची तिने वही ठेवली. १८१८ साली ती वारली तेव्हा तिच्या घरच्यांनी तो संग्रह ब्रिटिश म्युझियमला आणि राजाच्या टांकसाळीला दिला. संग्रह घरातून गेला, पण मोडला नाही, कारण त्याच्याबरोबर वही गेली. हिशेबाची वही काय करू शकते, हे युनियनच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

माझा प्रश्न येथे सुटला. वस्तू कायमची कोणाजवळच राहत नाही. बिल्ला तर हातातून जाण्यासाठीच जन्माला येतो. प्रश्न ठेवण्याचा किंवा देण्याचा नाहीच. तो कशासह द्यायचा, हा आहे. हिशेबावाचून दिला तर तो पुन्हा पितळ होतो.

मी एक वही केली. जुन्या सोबत्यांच्या घरी जाऊन नंबर, नाव, खाते आणि कामाची वर्षे उतरून घेतली. ज्याला हवा त्याला त्याचा बिल्ला परत दिला. काहींनी घेतला नाही, एक फिटर म्हणाले, “त्या खिडकीवर उभे राहण्यात माझी तीस वर्षे गेली, आता ती घरात नको.” त्यांचेही मी लिहून घेतले. एका घरी नवरा हयात नव्हता. त्यांच्या पत्नीने मी विचारण्यापूर्वी नंबर सांगितला, बिल्ला उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “यावर त्यांचं नाव नाही का हो, भाऊ?” मी म्हटले, “नाही वहिनी, नाव वहीत आहे.” विल्किन्सनच्या नाण्यावरचा तो घणापाशी उभा असलेला मजूर मला त्या वेळी आठवला.

उरलेल्यांतले काही त्या शौकीन गृहस्थांना दिले, पण अट घालून: प्रत्येक नगाबरोबर वहीतली ओळ जाईल, आणि त्यांनी पुढे कोणाला दिला तरी ती बरोबर राहील. त्यांनी ती आनंदाने मान्य केली. खरा संग्राहक असाच असतो. आलेले पैसे आजारी सोबत्यांच्या मदतनिधीत जमा केले. बाकीचे बिल्ले आणि वही माझ्यामागे गावच्या वाचनालयात जातील.

श्रोतेहो, आपल्या घरी आजोबांचे एखादे पदक असेल, आगगाडीच्या वर्कशॉपचा बिल्ला असेल, कोणा सभेचे कथलाचे बोधचिन्ह असेल. ते विका, द्या, ठेवा, मी काही म्हणणार नाही. फक्त आज रात्री घरी गेल्यावर एका चिठ्ठीवर लिहा: हे कोणाचे होते, कोठून आले. चिठ्ठी डबीत घाला आणि मग झाकण लावा.