गांधीजींच्या नावाचे पेन

शाईचे पेन घेताना आपण दुकानात काय करतो? आधी त्याचे रूप न्याहाळतो. मग दुकानदाराने पुढे केलेल्या कागदावर दोन रेघोट्या ओढतो, आणि शेवटी हमखास आपली सही करून बघतो. पहिली परीक्षा डोळ्यांची, दुसरी हाताची. या दोन्ही परीक्षा आज एका नामांकित पेनाला लावून पाहू.

२००९ च्या गांधी जयंतीच्या सुमारास जर्मनीतल्या माँ ब्लाँ कंपनीने महात्मा गांधींच्या नावाचे पेन भारतात आणले. किंमत सुमारे ११ लाख ३९ हजार रुपये. पेने फक्त २४१, कारण १९३० ची दांडीयात्रा २४१ मैलांची. याच नावाची कमी किमतीची पेनेही होती, पण गाजले ते हे.

डोळ्यांच्या परीक्षेत ते उत्तीर्ण होते, हे प्रांजळपणे सांगायला हवे. अंग पांढरे. त्यावर हाताने गुंडाळलेला आठ मीटर सोनेरी धागा, म्हणजे चरख्याचे सूत. क्लिपवर केशरी खडा. निब १८ कॅरेट सोन्याची, तिच्यावर गांधीजींची आकृती कोरलेली. कारागिराने जीव ओतला आहे यात शंका नाही. कंपनीने गांधीजींच्या पणतूंच्या संस्थेला बालकामगारांच्या निवाऱ्यासाठी देणगीही दिली.

आता हाताची परीक्षा. निबेतले सोने ही नुसती चैन नव्हे. जुन्या शाईत आम्ल असे, ते पोलाद खाई. सोने त्याला दाद देत नाही. टोकाला मात्र कठीण धातूचा कण लागतो, कारण सोने कागदावर झिजते. म्हणजे निबेतले सोने कामाचे, पण अंगावरच्या धाग्यातले केवळ शोभेचे. पांढऱ्या अंगावर शाईचे बोट लागले की ते दिसणारच. आणि सर्वांत मोठी अडचण किमतीची. एवढे महाग पेन खिशाला लावून कोण फिरणार? ते तिजोरीत जाणार. शाईचे पेन भरून तसेच ठेवले, तर बारीक खाचांमध्ये शाई वाळते आणि पेन मुके होते. शाईच्या पेनाला रोजचे लिहिणे हेच औषध.

ज्यांचे नाव या पेनाला दिले, त्यांचे लिहिणे कसे होते? १९०९ च्या नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना 'किल्डोनन कॅसल' या बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज' दहा दिवसांत लिहून काढले. कागद बोटीवरचेच. उजवा हात दमला की डाव्या हाताने लिहीत. बरोबर शंभर वर्षांनी त्यांच्या नावाचे हे पेन बाजारात आले!

गांधीजींना पेनाचे वावडे नव्हते. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवले. ते ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोहोचले. १६ जुलै १९३५ रोजी वर्ध्याहून गांधीजींनी रत्नम यांना आभाराचे पत्र धाडले. त्याचा आशय असा : पेन वापरून पाहिले, बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटते. पेनाच्या रूपाबद्दल अवाक्षर नाही. आधी लिहून पाहिले, मग शाबासकी दिली. रत्नम यांच्या पेनावर सूत नव्हते, चित्र नव्हते. तरी गांधीविचार त्याच्या घडणीतच होता.

माँ ब्लाँच्या पेनाचे प्रकरण पुढे न्यायालयात गेले. राष्ट्रपुरुषांची नावे आणि चित्रे व्यापारासाठी वापरण्याला आळा घालणारा १९५० चा कायदा आहे. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयात याचिका झाली आणि २०१० साली कंपनीने भारतातली विक्री थांबवली.

कायद्याचा निकाल कायद्यापाशी. मी कवी आहे, मला माझ्यापुरते एवढेच कळते : थोर माणसाची आठवण वस्तूवर कोरता येते, पण ती टिकते त्या वस्तूच्या वापरात. साधे पोस्टकार्ड असो की लाखांचे पेन, त्याने काय लिहिले गेले हेच शेवटी विचारले जाते. तिजोरीतल्या त्या पेनांनी आजवर किती ओळी लिहिल्या असतील?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)