सिन्स, फॉर आणि आपलं ‘पासून’

‘आय लिव्ह इन लातूर सिन्स टू इयर्स.’ भाचीच्या वहीत या वाक्याखाली लाल रेघ होती. बघून आजोबा आठवले. निजामाच्या काळात ते नांदेडला शिकले आणि इंग्रजीतच अडकले.

तेव्हा आपल्याकडे वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं, पण इंग्रजी विषय सक्तीचा. १९४८ साली निजामाची राजवट संपली, पुढे शाळा मराठी झाल्या. २००० पासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आलं. माध्यम बदललं, चूक मात्र तीच!

कारण सोपं आहे. उर्दूतलं ‘से’ काय किंवा मराठीतलं ‘पासून’ काय, दोन्ही कामं एकटंच करतं: ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’. इंग्रजीत सुरुवात सांगायला ‘सिन्स’, मुदत सांगायला ‘फॉर’. शिवाय क्रियापदही बदलतं: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन लातूर फॉर टू इयर्स.’

भाचीला म्हटलं, आधी मराठीतच विचार: ‘कधीपासून?’ की ‘किती दिवस?’ पहिल्याला सिन्स, दुसऱ्याला फॉर. तिला लगेच पटलं.

आजोबांना हे कुणी त्यांच्या भाषेत सांगितलं असतं तर... असो.