तारापूरच्या गोष्टी

मोठ्या मामाच्या गोष्टींतलं तारापूर सुरू व्हायचं बोईसर स्टेशनापासून. 1963 साली अणुवीज केंद्रासाठी अमेरिकेशी करार झाला, बांधकाम सुरू झालं, आणि गाडीतून उतरणारे गोरे इंजिनिअर बघायला पोरं धावायची. त्या पोरांत मामाही असे. घरात रॉकेलची चिमणी आणि समुद्राच्या अंगाला रात्रभर दिव्यांचा झगमगाट. 1969च्या ऑक्टोबरात तिथल्या दोन अणुभट्ट्यांची वीज महाराष्ट्र आणि गुजरातला मिळू लागली. देशातली ती पहिली अणुवीज. ज्यांनी हे स्वप्न पाहिलं ते होमी भाभा 1966च्या जानेवारीत विमान अपघातात गेले होते. आजी मात्र एवढंच म्हणायची, "वीज आधी आमच्या डोक्यावरून गेली, घरात आली मागाहून."

पुढे मामा तिथेच मेकॅनिक म्हणून लागला. या जुन्या भट्ट्यांत युरेनियमच्या कांड्यांभोवतीचं पाणीच उकळतं आणि तीच वाफ थेट टर्बाईनकडे जाते, त्यामुळे टर्बाईनचं कामही जपूनच करायचं. छातीवर बॅज लावायचा. अंगावर किरणोत्सार किती आला हे त्यावरून कळे. ठरलेला डोस भरला की त्या माणसाचं आतलं काम बंद, मग तो कितीही वाकबगार असो. आतले कपडे आतच राहत, हात-पाय यंत्रावर तपासल्याशिवाय बाहेर सोडत नसत. तरीही आजी मामाचे कपडे वेगळे धुवायची, घरात तान्हं मूल असलं की जास्तच. मामा चिडायचा. पण आजीला समोर बसवून, तिच्या भाषेत, कुणी कधी काही समजावलं नव्हतं. तिची भीती मला आजही खुळी वाटत नाही.

मामा खुलायचा तो इंधनाच्या गोष्टीत. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतं आणि ते अमेरिकेकडून यायचं. 1974 साली पोखरणला अणुस्फोट झाला आणि पुढे अमेरिकेने हात आखडता घेतला. भट्टी चालवायची तर पुरवून पुरवून. 1980च्या दशकात फ्रान्सने इंधन दिलं, नंतर चीनने, रशियाने. मधल्या काळात आपल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम मिसळलेलं इंधन वापरून पाहिलं. "परक्याच्या ओंजळीनं पाणी पिणं," मामा म्हणायचा. म्हणूनच 2005 आणि 2006 साली शेजारी प्रत्येकी 540 मेगावॅटच्या दोन भट्ट्या सुरू झाल्या तेव्हा तो निवृत्त असूनही हरखला होता. जड पाण्याच्या, साध्या युरेनियमवर चालणाऱ्या, आपल्याच लोकांनी आखलेल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं मात्र उठली. हे सांगताना त्याचा आवाज उतरायचा; पोफरणची माणसं त्याच्या ओळखीची होती.

मी अणुऊर्जेच्या बाजूची आहे. कोळशाचा धूर कमी करायचा आणि रात्रंदिवस वीजही हवी, तर तिला वगळून चालणार नाही. 2025 साली देशाची अणुवीज क्षमता सुमारे 8,800 मेगावॅट होती. 2047 पर्यंत ती एक लाख मेगावॅटवर न्यायचं सरकारने ठरवलं आहे. थोरियम वापरण्याच्या भाभांच्या योजनेतली मधली पायरी म्हणजे कल्पाक्कमची ब्रीडर भट्टी. तिचा गाभा भरायला 2024च्या मार्चमध्ये सुरुवात झाली. आणि आपल्या कोकणात, माडबनला, सुमारे 10,000 मेगावॅटचा जैतापूर प्रकल्प योजला आहे. त्याच्याविरुद्धच्या आंदोलनात 2011च्या एप्रिलमध्ये जवळच्या साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. तो गेला तेव्हा तिथे एकही भट्टी उभी नव्हती.

म्हणून मला वाटतं, माडबनच्या लोकांना एकदा तारापूरला न्यावं, आणि नुसते टर्बाईन दाखवून परत आणू नये. अमेरिकेहून आलेल्या इंधनाच्या जळलेल्या कांड्या तिथे साठवून ठेवल्या आहेत. अमेरिकेच्या संमतीवाचून त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया करता येत नव्हती, म्हणून त्या तशाच राहिल्या. त्या कुणाच्या राखणीत आहेत, अजून किती वर्षं राहणार, माडबनच्या कांड्या कुठे जाणार, हे सगळं त्यांनी विचारावं. उत्तरं मराठीत द्यावीत, आणि तीही भट्टी उभी राहायच्या आधी.