नंदुरबार आणि आक्रा : वसाहतमुक्तीच्या कारणांचा विचार

दुसऱ्या महायुद्धाने साम्राज्यसत्ता दुबळ्या झाल्या आणि म्हणून आफ्रिका स्वतंत्र झाली, असे सामान्यतः सांगण्यात येते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. प्रजा आज्ञा पाळते तोवर दुबळी सत्ताही टिकून राहते. ही आज्ञाधारकता का ढळली, हा खरा प्रश्न होय.

ऑगस्ट १९४१ च्या अटलांटिक सनदेने आपली शासनपद्धती निवडण्याचा सर्व लोकांचा हक्क मान्य केला. परंतु ९ सप्टेंबर १९४१ रोजी चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत या कलमाचा रोख मुख्यतः नाझी अमलाखालील युरोपीय राष्ट्रांकडे असल्याचे स्पष्ट केले. बरोबर एक वर्षाने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, तत्कालीन पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सहकारी त्यात हुतात्मा झाले.

पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्येही असाच प्रसंग घडला. तेथील सैनिक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर साम्राज्यासाठी लढले होते. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी आक्रा येथे गव्हर्नरकडे अर्ज घेऊन निघालेल्या निःशस्त्र माजी सैनिकांवर गोळ्या झाडण्यात आल्या. तिघे ठार झाले. दोन्ही ठिकाणी राज्यकर्त्यांच्या वचनातील व वर्तनातील अंतर उघडे पडले. १९५० मध्ये क्वामे एन्क्रुमा यांनी गांधीजींच्या मार्गापासून स्फूर्ती घेऊन सार्वत्रिक संपाची चळवळ पुकारली, आणि ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला.

ऐक्याच्या दृष्टीनेही ही तुलना उद्बोधक आहे. नंदुरबार परिसरात मराठी, अहिराणी, भिली व गुजराती या भाषा शेजारी नांदतात. हुतात्म्यांत मेहता आहेत, तसेच केतकरही आहेत. ऑक्टोबर १९४५ मध्ये मँचेस्टर येथे भरलेल्या पाचव्या अखिल-आफ्रिकी परिषदेत एन्क्रुमा, केन्याटा, पॅडमोर प्रभृती एकत्र आले, ते कोणत्याही एका आफ्रिकी भाषेच्या आधारे नव्हे. पारतंत्र्याचा समान अनुभव हाच त्यांना जोडणारा दुवा होता.

तथापि, राज्यकर्ता गेल्यावर हा दुवा पुरेसा ठरत नाही. भारतात १९५६ व १९६० मध्ये भाषेच्या तत्त्वावर राज्यांची पुनर्रचना झाली. आफ्रिकी ऐक्य संघटनेने मात्र १९६४ मध्ये कैरो येथे वसाहतकालीन सीमाच कायम मानल्या. पारतंत्र्याचा अनुभव स्वातंत्र्य मिळवून देतो. स्वतंत्र समाजाची घडी बसविण्यास मात्र दुसरे अधिष्ठान शोधावे लागते.